‘होणार की नाही, तेवढंच सांगा’

तलासरीकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय, ते आधी थोडक्यात देतो. २०१८ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या भागात धक्के बसतायत. मधे महिनोन्महिने शांत, मग पुन्हा सुरू. शास्त्रज्ञ येतात, यंत्रं बसवतात, निघून जातात. विचारलं तर ‘सांगता येत नाही’ म्हणतात. एकाच धक्क्याचे तीन ठिकाणी तीन आकडे. कारण विचारावं, तर कुणी मुरलेल्या पाण्याचं नाव घेतं, कुणी जुन्या भ्रंशाचं, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या मोठ्या भेगेचं. आणि शेवटी सरांचा खरा सवाल : ‘यांचंच यांना ठाऊक नसेल, तर मी पोरांना वैज्ञानिक दृष्टिकोन ठेवा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?’

सर, भूकंपाच्या नोंदी घेण्या-वाचण्यातच माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. आधी कोयना-वारणेच्या पट्ट्यात, पुढे मराठवाड्यात. पालघरच्या कामात मी नव्हतो, त्यामुळे तिथल्या निष्कर्षांवर बाहेरचा माणूस म्हणूनच बोलेन. पण तुम्ही म्हणता तो राग मी गावोगाव ऐकलाय, आणि तो रास्त आहे असंच माझं मत आहे. फक्त तो चुकीच्या जागी निघतोय.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तुमच्याकडे येणाऱ्या शास्त्रज्ञाला पडलेला प्रश्न असा असतो : इथली जमीन का हलतेय, किती खोलवर हलतेय, कुठल्या दिशेनं सरकतेय? गावाचा प्रश्न वेगळा असतो : आज रात्री लेकरांना घेऊन या घरात झोपू का? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळायला वर्षं लागतात, आणि मिळालं तरी ते अर्धवट असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र बऱ्याच वेळा आजही देता येतं, पहिल्याची वाट न पाहता. आमची जमात पहिल्याचं उत्तर नाही म्हणून दुसऱ्यावरही गप्प बसते. खोट आहे ती इथं.

आधी आकड्यांचं बघू, कारण अविश्वासाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

भूकंपाची पहिली लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटरनं धावते, दुसरी साडेतीनच्या आसपास. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसं. दोन्हींमधलं अंतर सेकंदांत मोजायचं, ढोबळ मानानं आठनं गुणायचं, की केंद्र किती किलोमीटरवर ते कळतं. दुसरी लहर दोन सेकंदांनी आली तर सोळा किलोमीटर. पण हे फक्त अंतर झालं, दिशा नाही. तीन-चार ठिकाणची अंतरं जुळवावी लागतात, तेव्हा कुठे नकाशावर जागा पडते. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून पहिल्या काही मिनिटांत जो आकडा येतो, तो हाताशी आलेल्या मोजक्या केंद्रांवरून काढलेला असतो. नंतर आणखी नोंदी येतात, माणूस बसून पुन्हा वाचतो, आकडा बदलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची केंद्रं वेगळी, म्हणून त्यांचा आकडा वेगळा. शिवाय तीव्रता मोजायच्या पद्धतीही एकाहून जास्त आहेत. (वर्तमानपत्रं सगळ्यांनाच ‘रिश्टर’ म्हणतात. आम्ही त्यांना समजावायचा नाद सोडलाय.) लहान धक्क्यात ३.६ आणि ३.८ असे दोन आकडे आले, तर त्यात कुणी खोटं बोलत नसतं. तेवढा फरक त्या मोजणीतच असतो. तीन ठिकाणांहून हुबेहूब एकच आकडा आला, तर मला उलट वाटेल की दोघांनी तिसऱ्याचा उचललाय.

एक आतली गोष्ट सांगतो. बातमीत भूकंपाची खोली नेमकी १० किलोमीटर लिहिलेली दिसली, तर पुष्कळदा ती मोजलेली नसते. जवळ यंत्र नसेल तर खोली धड काढता येत नाही. मग गणित सुटावं म्हणून १० धरतात. तुमच्याकडे माणसं यंत्रं घेऊन येतात ती यासाठीच. धक्क्यांच्या अगदी डोक्यावर दोन-चार यंत्रं असली, तर खोली मोजता येते आणि धक्के विखुरलेत की एका रेषेत बसतात ते दिसतं. लांबच्या केंद्रांवरून ते कधीच दिसत नाही.

यंत्र बसवायचं म्हणजे काय करतात, ते तुम्ही पाहिलं असेल, पण कारणं कुणी सांगितली नसतील. खड्डा खणत कठीण खडकापर्यंत जायचं, त्यावर सिमेंटचा छोटा ओटा बांधायचा आणि तो ओटा खोलीच्या फरशीला कुठेही चिकटू द्यायचा नाही. नाहीतर कुणी वर्गात बाक सरकवला तरी नोंद होते. छपरावर सौर पॅनेल, खाली बॅटरी, घड्याळाची वेळ उपग्रहावरून जुळवलेली. मग जागेची पारख. पिठाची गिरणी किती लांब? विहिरीवरची मोटार कधी चालते? एसटीचा रस्ता कुठून जातो? रात्री दोन ते चार ही आमची सोन्याची वेळ, कारण तेव्हा माणसं गप्प असतात. आसपास दगडखाणी असतील तर आणखी एक काम : सुरुंग आणि भूकंप वेगळे करायचे. सुरुंग सगळ्या बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून चारही यंत्रांवर पहिली हालचाल वर जाणारी दिसते. भूकंपात खडक एकमेकांना घासून सरकतात, त्यामुळे एका बाजूला ती वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. हे दिसायला सोपं, पण धक्का बारीक असला की दोन अनुभवी माणसं एकाच कागदावर पहिली हालचाल वेगवेगळ्या जागी दाखवतात. मग भांडण. त्या भांडणाचा निकाल पद बघून लागत नाही. शेजारच्या केंद्राची नोंद काढून लागतो. आमच्या कामाचा बराचसा दिवस असल्या भांडणांत जातो, आणि बाहेरच्याला ते ‘यांच्यात एकमत नाही’ असं दिसतं.

जाता जाता, तो ‘जमिनीतून येणारा गूढ आवाज’. हिंगोलीत वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या परिसरातले लोक कित्येक वर्षं असे आवाज ऐकत होते. धक्का उथळ असला की पहिली लहर जमिनीतून हवेत शिरते आणि कानाला ऐकू येते. आपला काळा पाषाण (बेसाल्ट) ती फारशी न दबवता वर आणतो. पुष्कळदा हलणं जाणवत नाही, आवाज तेवढा येतो. म्हणजे तुमच्या पोरांनी ‘आधी धडाम् झालं, मग हललं’ असं सांगितलं तर ते कल्पनेतलं नाही, उत्तम निरीक्षण आहे. वहीत वेळ घालून लिहून ठेवायला सांगा.

आता मतभेदांचं. त्यासाठी कोयनेइतकं चांगलं उदाहरण जगात दुसरं नाही. १९६२ पासून धरणात पाणी साठायला लागलं आणि लहान धक्के जाणवायला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, न हलणारं, असंच आम्ही सगळे शिकत होतो. मग वाद पेटला : पाण्यानं भूकंप घडवला, की तो तसाही होणारच होता? धरण म्हणजे राज्याच्या विजेचा कणा, त्यामुळे हा वाद नुसता शास्त्राचा राहणं शक्यच नव्हतं.

तो कसा सुटत गेला ते बघा. कुणी एकानं सिद्ध केलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, असं झालं नाही. वर्षानुवर्षं पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या शेजारी-शेजारी मांडली गेली. पावसाळ्यात धरण भरतं, आणि त्याच्या मागोमाग धक्के वाढतात. एकदा दिसलं तर योगायोग म्हणता येईल, पण ते पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. मग १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागलं, आणि १९९३ च्या सुमाराला धक्क्यांचा जोर दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकला. कुणीही न ठरवता झालेला हा प्रयोगच होता. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो आणि पाणी त्याला फक्त निमित्त होतं, हे त्यानंतर बहुतेकांनी मान्य केलं. पण पाण्याचा दाब नेमका कुठल्या भेगेतून किती खोल पोचतो, यावर अजून वाद चालू आहेत. त्यासाठीच कऱ्हाडला केंद्र उभं राहिलं, आणि गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल चाचणी-विवर घेतलं गेलं, २०१७ मध्ये ते पुरं झालं. वर सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक निघाला. मधे गाळाचे थर असतील अशी काहींची अटकळ होती. ती तिथल्या तिथे निकालात निघाली. अटकळ करणारे मूर्ख नव्हते. भोक पाडेपर्यंत तीही एक शक्यता होती, एवढंच.

तर पालघरमध्ये एक जण पाणी म्हणतो आणि दुसरा भ्रंश म्हणतो, तेव्हा ते एकमेकांच्या विरुद्ध असतीलच असं नाही. भेग असल्याशिवाय पाणी शिरणार कुठून? पण समजा दोघे खरंच विरुद्ध असले, तरी त्यातल्या कुणाचंही म्हणणं खरं ठरलं म्हणून तुमच्या शाळेच्या भिंतीला काय करायचं ते बदलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ‘सांगता येत नाही’ याच्याकडे येतो. हे टाळाटाळीचं वाक्य आहे, की खरं? दोन्ही असू शकतं, आणि ते बोलणाऱ्यावर अवलंबून असतं.

खरं अशा अर्थानं, की भूकंपाची तारीख सांगायची पद्धत आज कुणाकडेच नाही. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगच्या भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढलं गेलं आणि पुष्कळ जीव वाचले. जगाला वाटलं, सापडलं! पुढच्याच वर्षी जुलैत तांगशान कसल्याही इशाऱ्याविना कोसळलं, आणि अधिकृत आकड्यानुसार दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली. अमेरिकेत पार्कफील्डला ठरावीक अंतरानं भूकंप येतात असं दिसलं, म्हणून १९९३ च्या आत पुढचा येणार असं जाहीर करून तिथे यंत्रांचं जाळं विणलं. तो आला २००४ मध्ये. कोयना-वारणेचा पट्टा जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरचा आहे, म्हणून तिथे लहान धक्क्यांवरून पुढच्या चार तीव्रतेच्या धक्क्याचा अंदाज बांधायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. शास्त्र म्हणून मला ते मोलाचे वाटतात. पण चारच्या धक्क्याचा इशारा घेऊन गावानं करायचं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर भाकीत करणारे येतात, त्यांना पारखायची एक सोपी रीत पोरांना शिकवा. जागा, वेळ आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी आधी लिहून द्यायला लावायच्या, आणि नुसत्या अंदाजपंच्यानं ते किती वेळा खरं ठरलं असतं ते मोजायचं. ‘येत्या काही महिन्यांत महाराष्ट्रात भूकंपाचा धक्का जाणवेल’ हे भाकीत कोयनेच्या जिवावर कुणीही छातीठोक करू शकतो.

टाळाटाळ कुठे होते, ते इटलीतल्या लाक्विला गावानं दाखवून दिलं. तुमच्यासारखीच तिथे २००९ च्या सुरुवातीला धक्क्यांची रांग लागली होती. रेडॉन वायू मोजणारा एक तंत्रज्ञ मोठा भूकंप येणार म्हणून सांगत होता. मार्चअखेरीस त्यानं शेजारच्या सुलमोनाचं नाव घेतलं, तिथे काहीच झालं नाही आणि लोक घाबरले ते वेगळंच. मग ३१ मार्चला तज्ज्ञांची समिती तातडीनं भरवली गेली. त्या वेळी नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बर्नार्दो दे बर्नार्दिनिस यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं, की सतत थोडी थोडी ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे परिस्थिती अनुकूलच आहे. आठवडाभरात, ६ एप्रिलच्या पहाटे, ६.३ चा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली.

हे ‘ऊर्जा निघून जाते’ तुमच्याकडेही म्हणत असतील. पारावरही ऐकू येतं, आणि खेदानं सांगतो, कधीकधी बैठकीतही. हिशेब करून बघा. तीव्रता एकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोननं वाढली की हजार पट. सहाच्या भूकंपाची ऊर्जा चारच्या धक्क्यांनी रिकामी करायची तर हजार धक्के लागतील. तीनच्या धक्क्यांनी करायची तर बत्तीस हजारांच्या आसपास. लहान धक्के मोठ्याची जागा घेत नाहीत. फळ्यावर करायला फार चांगलं गणित आहे हे.

लाक्विलाच्या सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला २०१२ मध्ये सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात’ अशी बातमी जगभर फिरली, आमच्यातलेही खवळले. पण फिर्यादींचा मुद्दा तो नव्हताच. त्यांचं म्हणणं असं होतं : आमच्याकडे धक्का बसला की रात्र बाहेर काढायची पिढीजात रीत होती, तुम्ही निर्धास्त केलंत म्हणून त्या रात्री आमची माणसं आत राहिली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. न्याय योग्य झाला की नाही यावर आम्ही अजून भांडतो. मला विचाराल तर, शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडणं चूकच होतं. पण बैठकीत खरं बोलायचं, आणि बाहेर आपल्या नावावर कुणी भलतंच सांगत असताना गप्प बसायचं, ही सवय मी आपल्याकडच्या जिल्हा कार्यालयांतल्या बैठकांतही पाहिलीय. कारण एकच असतं : ‘घबराट पसरायला नको.’ माझा अनुभव उलटा आहे. माहिती मिळाल्यावर लोक चार प्रश्न जास्त विचारतात. घबराट होते ती मोटारी येतात, माणसं कुजबुजतात आणि काही न सांगता परत जातात तेव्हा. मग कुणीतरी ज्वालामुखीचं काढतं, आणि ते दोन तालुके फिरून येतं.

किल्लारीबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, जरी ते बोलणं जड जातं. तिथेही आधी धक्क्यांची रांग होती. १९९२ च्या ऑगस्टपासून लोकांना धक्के जाणवत होते, १८ ऑक्टोबरचा त्यातला मोठा. १९९३ च्या मार्चनंतर ते थांबले. लोक सुटकेचा श्वास टाकून घरात परतले. ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे व्हायचं ते झालं. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली, आणि तीव्रता होती फक्त ६.२ च्या आसपास. त्या वेळच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मग शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये सांगायला हवं होतं का? मोठा येणार हे कुणालाच सांगता आलं नसतं. १९८३ मध्ये शहापूरजवळ भातसा धरणाच्या परिसरात अशीच रांग लागली होती, ती मोठा धक्का न देता विरली. जगातल्या बहुतेक रांगा अशाच विरतात. एखाद्या धक्क्यामागून काही दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता कॅलिफोर्नियातल्या हिशेबानं शंभरात पाचच्या आसपास निघते. पाच म्हणजे नगण्य नाही, आणि गाव उठवावं इतकीही नाही. पण भिंती तर दिसत होत्या! दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दोन्ही तोंडं वेगवेगळी रचलेली, मधे मातीत भरलेले गोटे. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा लांब दगड कुठेच नाही. वर माळवद, त्यावर गळती थांबवायला वर्षानुवर्षं टाकत आणलेला पांढऱ्या मातीचा ढीग. हलल्याबरोबर भिंतीची दोन्ही तोंडं फुगून आत-बाहेर कोसळली आणि झोपलेल्या माणसांवर आली. बऱ्याच घरांत खणांचे लाकडी सांगाडे तसेच उभे होते. या भिंती पडतील हे कळायला भूकंपाची तारीख लागत नव्हती. तेव्हा आमचा सगळा काथ्याकूट ‘का हलतंय’ यावर चालला होता. भिंतीकडे बघणं आमचं काम आहे असं कुणाला वाटलंच नाही.

नकाशाबद्दलही एक सांगून टाकतो. कोयनेनंतर १९७० मध्ये नकाशा बदलून कोयना जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेली. किल्लारीनंतर, २००२ मध्ये, सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा तो भाग तिसऱ्यात आला. म्हणजे नकाशा भूकंपाच्या मागून धावतो. त्याला पुरावा लागतो, आणि आपल्याकडचा पुरावा हजारो वर्षांनी एकदा येतो. म्हणून ‘नकाशात धोका नाही’ हे वाक्य ‘आजवर दिसला नाही’ असंच वाचावं. तुमचा पालघर तर २००२ च्या त्या नकाशातही तिसऱ्या पट्ट्यात होता.

आता तुमचं गाव. इथे बरंच काही घरावर अवलंबून आहे, म्हणून सरसकट सांगत नाही. कारवीच्या कुडाचं, शेणमातीनं लिंपलेलं घर हललं तरी लवतं, आणि पडलं तरी हलकं असतं. भूकंपात ते वाईट घर नाही. आपण त्याला मागास ठरवून शेजारी विटांचं, कच्च्या सिमेंटचं, वर आडवी काँक्रीटची पट्टी नसलेलं घर बांधतो आणि त्याला पक्कं म्हणतो. मला भीती वाटते ती या दुसऱ्याची. २०१९ पासून तुमच्याकडच्या मोठ्या धक्क्यांची तीव्रता चारच्या आगेमागेच राहिली आहे, तरी भिंतींना तडे गेलेच. प्रत्येक धक्का तीच चीर थोडी रुंद करतो आणि पावसाळा त्यात पाणी ओततो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं तारीख घाला. चीर पुढे गेली की दिसेल, आणि अभियंता आला तर त्याला दाखवायला नोंद असेल.

छपरावर काय आहे बघा. पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले दगड आधी खाली काढा. २०२४ मध्ये हिंगोली-नांदेडकडे साडेचारच्या आसपासचे धक्के बसले तेव्हा प्रशासनानं हेच सांगितलं होतं, आणि भूकंपाच्या वेळी दिली गेलेली इतकी नेमकी सरकारी सूचना मी क्वचित पाहिलीय. पत्रा हुकांनी नाहीतर तारेनं बांधा. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीच्या पायथ्याशी अंथरूण घालू नका. शाळेत कपाटं भिंतीला स्क्रूनं आवळून घ्या, आणि दारं बाहेर उघडतील असं करता आलं तर करा. पोरांना जिना-गॅलरीत पळायला शिकवू नका. शाळेची इमारत चांगल्या काँक्रीटची असेल तर बाकाखाली जाऊन बाकाचा पाय धरायचा, हलणं थांबल्यावर रांगेनं बाहेर. जुनी जड भिंत असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर मात्र बाहेरच. कुठल्या वर्गानं काय करायचं हे आधी ठरवा, त्या क्षणी सुचत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये तुमच्याच भागात एक लहान मुलगी धक्क्यानंतरच्या पळापळीत पडून गेली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

राहिला वैज्ञानिक दृष्टिकोन. ‘शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवा’ असं मी तुमच्या जागी असतो तर पोरांना सांगितलं नसतं. कुणी काही सांगितलं की तीन प्रश्न विचारायला शिकवलं असतं : हे कशावरून म्हणता, यात किती इकडेतिकडे होऊ शकतं, आणि काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? हे प्रश्न आम्ही एकमेकांना रोज विचारतो. शोधनिबंध पाठवला की नाव न सांगणारे दोन-तीन परीक्षक हेच विचारून जीव नकोसा करतात. त्यात वर्ष सहज जातं. छापून येतो तो इंग्रजीत, आणि ज्या गावच्या ओट्यावर यंत्र होतं त्या गावापर्यंत कधीच पोचत नाही. हा आमचा दोष आहे आणि त्याला सबब नाही. एका पानावर मराठीत ‘काय मोजलं, काय दिसलं, काय अजून कळलं नाही’ एवढं लिहून ग्रामपंचायतीत लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्या शाळेत यंत्रासाठी जागा मागायला आलं, तर नाही म्हणू नका. त्या नोंदी खरंच लागतात. पण दोन अटी घाला. दर तीन महिन्यांनी ते पान द्यायचं, आणि येणाऱ्या माणसानं एक तास सातवी-आठवीच्या वर्गात उभं राहायचं. ‘मोठा कधी येणार’ हा प्रश्न पोरं पहिल्या मिनिटात विचारतील, त्याचं उत्तर वर झालंच. त्याऐवजी त्या माणसाकडून हे काढून घ्या : धक्के किती खोल आहेत, मोजलेत की धरलेत, गेल्या पावसाळ्यापेक्षा सरकलेत का, आणि आमची ही भिंत पाचच्या धक्क्याला टिकेल का. शेवटच्यावर तो बहुधा म्हणेल, ‘ते माझं क्षेत्र नाही, बांधकामवाल्यांना विचारा.’ तेव्हा त्याला तिथेच बसवून बांधकाम विभागाच्या अभियंत्याला फोन लावायला सांगा. आणि यंत्र बसलं की शाळेची पाण्याची मोटार रात्री चालवू नका, टाकी संध्याकाळीच भरून ठेवा.